बाबा सिनेमाच्या मध्येच उठून गेले

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. वय ४६, एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसात एकोणीस वर्षं नोकरी. वडील पाटबंधारे खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झाले, आता ७९ वर्षांचे आहेत आणि दोन गल्ल्या पलीकडे भावाकडे राहतात. बदलापूरला घर घ्यायचं म्हणून मार्च १९९२मध्ये बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून साठ हजार रुपये काढले आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून ते शेअरमध्ये घातले. दीड महिन्यात बाजार कोसळला. घर राहिलं ते राहिलंच, पुढे आईच्या पाटल्याही गेल्या. बाबांनी हे सगळं आईला न विचारता केलं, असं ताई लिहितात. तेव्हापासून घरात हा विषय निघत नाही. आई सहा वर्षांपूर्वी वारली.

गेल्या महिन्यात एका रविवारी ताईंनी हर्षद मेहताच्या १९९२च्या शेअर घोटाळ्यावर बेतलेला एक हिंदी सिनेमा बाबांना मुद्दाम बसवून दाखवला. आपल्या बाबतीत काय झालं ते त्यांना कळेल, मनावरचं ओझं थोडं उतरेल, ही आशा. सिनेमाने ताईंची घोर निराशा केली. बाबा अर्ध्यातच "डोळे दुखतायत" म्हणून उठून गेले. एकवीस वर्षांचा भाचा मात्र प्रत्येक डायलॉगला टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी त्याने सिनेमातल्या नायकाचा फोटो डीपीला लावला. तो ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरचा भाव पुढे कुठे जाईल यावर पैसे लावण्याच्या व्यवहारात, खेळू लागल्याचं ताईंना त्याच आठवड्यात कळलं. भाऊ म्हणतो, "तू बाबांवर गेलीस, घाबरट." ताईंचे प्रश्न असे: सिनेमाकडून मी भलतीच अपेक्षा केली का? बाबांची माफी मागू का? आणि भाच्याला कसं थांबवू?

प्रिय ताई,

तो सिनेमा मीही पाहिला आहे. इस्त्री करता करता पाहिला, आणि संपला तेव्हा आठवड्याचे सगळे कपडे कडक झाले होते. माझं लक्ष कुठे होतं ते यावरून कळेल तुम्हाला. त्याचं नाव मुद्दाम गाळते आहे, कारण त्या जागी दुसरा कुठलाही सिनेमा असता तरी तुमचं पत्र असंच आलं असतं असं मला वाटतं.

आधी तुमच्या बाजूने बोलते. तुम्ही लिहिलं आहे, "गाडी आहे, समुद्रासमोरचं घर आहे, गाणी आहेत. ज्याचे पैसे गेले तो माणूस कुठेच नाही." आणि पुढे, बॅक ऑफिसवालीला शोभेल असं, "वलण (सौद्यांचा हिशोब मिटवणं) कधी, डिलिव्हरी कधी, पैसे आले कुठून, याचं कुणालाच काही पडलेलं नाही." दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण मला सांगा, सिनेमाने नेमकं काय दाखवायला हवं होतं? हा टोमणा नाही, मी खरंच त्यावर दोन दिवस विचार केला.

त्या वेळी झालं काय होतं? बँकांना आपल्या पैशाचा ठरलेला भाग सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाच्या कागदांत, ठेवावाच लागतो. एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी रोकड हवी असली की ती आपले रोखे दुसऱ्या बँकेला विकायची आणि ठरल्या दिवशी परत घ्यायची. याला रेडी फॉरवर्ड म्हणत. मध्ये दलाल असे. रोखे प्रत्यक्ष हलत नसत, कारण रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसातल्या नोंदी तेव्हा हाताने व्हायच्या आणि त्यांना वेळ लागायचा. मग विकणारी बँक एक चिठ्ठी द्यायची: पैसे मिळाले, रोखे देणं लागतो. ही बँक रिसीट, बोलताना नुसतं 'बीआर'. हळूहळू दलालांनी दोन गोष्टी साधल्या. चेक बँकेच्या नावाचा असला तरी पैसे त्यांच्या खात्यात पडू लागले. आणि बँक ऑफ कराडसारख्या छोट्या बँकेकडून, हातात रोखे नसतानाच बीआर निघू लागल्या. कराडच्या वाचकांना हे नाव वेगळं सांगायला नको. ती बँक त्यातच बुडाली आणि १९९४मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली.

असा उभा राहिलेला पैसा दलाल स्ट्रीटवर ओतला गेला. दोनशेच्या आसपास असलेला एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव नऊ हजारांच्या घरात गेला. वर्षाच्या सुरुवातीला दोन हजारांच्या आतबाहेर असलेला सेन्सेक्स २२ एप्रिल १९९२ला ४,४६७वर बंद झाला. दुसऱ्याच दिवशी पत्रकार सुचेता दलाल यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त स्टेट बँकेच्या पाचशे कोटींच्या खड्ड्याची बातमी दिली, आणि २८ एप्रिलला निर्देशांक एका दिवसात ५७० अंशांनी पडला. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने नंतर घोटाळ्याचा जो हिशोब मांडला तो चार हजार कोटींच्या वर गेला.

आता यातून दृश्य काढा बघू. एक कारकून पाकिटात चिठ्ठी घालतो. दुसरा ती फायलीत लावतो. चिठ्ठीमागे रोखे असायला हवेत, ते नाहीत. सगळा गुन्हा या 'नाहीत'मध्ये आहे, आणि कॅमेऱ्याला नसलेली वस्तू टिपता येत नाही. तो मग वळतो मेहताच्या वरळीच्या घराकडे आणि लेक्सस गाडीकडे, कारण पैसा डोळ्यांना दिसतो तो खर्च होतानाच. मिळवताना तो कागदावर असतो आणि बुडतानाही कागदावरच. तुमचे बाबा या गोष्टीत होते, पण डाव्या बाजूच्या रकान्यात, साठ हजारांची एक ओळ होऊन.

दिग्दर्शकाने मनावर घेतलं तर ती ओळही दाखवता येते, असं तुम्ही म्हणाल. येते. पण बघणारा काय घेऊन घरी जाईल ते त्याच्या हातात राहत नाही. ऑलिव्हर स्टोनचा 'वॉल स्ट्रीट' घ्या. स्टोनचे वडील लुई स्वतः शेअर दलाल होते, तो सिनेमा त्यांनाच अर्पण केलेला आहे. न्यूयॉर्कचा बाजार १९ ऑक्टोबर १९८७ला एका दिवसात २२.६ टक्के कोसळला आणि त्यानंतर दोनच महिन्यांत सिनेमा पडद्यावर आला. म्हणजे वेळही साधलेली, हेतूही स्वच्छ: हव्यासाने काय होतं ते दाखवायचं. त्यात एक सरळ, कामगार संघटनेतला बाप आहे, विमान दुरुस्तीच्या कामावरचा. मार्टिन शीनने केलेला. नायक झालाय त्याचा खरा मुलगा चार्ली शीन, त्यामुळे बापलेकांचे प्रसंग काळजाला भिडतात. पण लोकांच्या लक्षात कोण राहिलं? गॉर्डन गेको, केस चापून मागे वळवलेला खलनायक. मायकेल डग्लसला त्याच कामासाठी ऑस्कर मिळालं, आणि नंतर तो सांगत राहिला की लोक येऊन म्हणतात, तुम्हाला बघूनच आम्ही या धंद्यात आलो. त्या विमान कारागिराचा फोटो कुणी भिंतीवर लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा भाच्याने डीपी बदलला यात त्या एका सिनेमाचा दोष मानू नका. जे पुढे वकील-डॉक्टर होणार त्यांनाही पडद्यावरचा दरोडेखोर आवडतो.

तुमचा पहिला प्रश्न अजून शिल्लक आहे. अपेक्षा भलती होती का? मला ती अपेक्षा भलती वाटत नाही, पत्ता चुकलेली वाटते. तुम्हाला बाबांना एक वाक्य सांगायचं होतं: "तुम्ही मूर्ख नव्हतात." तेहेतीस वर्षांत ते तोंडून निघालं नाही, म्हणून तुम्ही सिनेमाला पुढे केलं. आपल्याकडे ही रीतच आहे. बापाशी बोलायचं तर आईमार्फत. आई गेली की मधला निरोप्या जातो आणि मग माणूस कधी कीर्तनकाराच्या, कधी टीव्हीच्या तोंडून बोलू पाहतो. तुमचा निरोप्या नाचत सुटला, एवढंच.

आता एक गोष्ट विचारते, रागावू नका. बाबा उठून गेले याचा अर्थ तुम्हाला कुठून कळला? पत्रात तुम्ही पाच वेळा "दुखावले" असं लिहिलं आहे, मी मोजलं. बाबांच्या तोंडचं वाक्य एकच आहे, "डोळे दुखतायत." एकोणऐंशीव्या वर्षी दीड तास स्क्रीनकडे बघून डोळे दुखू शकतात. सिनेमा कंटाळवाणा वाटू शकतो, मला वाटलाच. किंवा ते दुखावलेही असतील. किंवा त्यांना हसू आवरत नसेल, कारण त्यांनी खरे दिवस पाहिलेत. चारही शक्यता आहेत, आणि तुम्ही त्यांच्याऐवजी त्यांच्या पाठीला प्रश्न विचारून उत्तरही मिळवलंत.

म्हणून माफी नको. माफी मागायला गेलात की ते "अगं काही नाही" म्हणतील आणि दार पुन्हा बंद. त्यापेक्षा विचारा. तेही तोट्यापासून सुरू करू नका. तो मार्च कसा होता ते विचारा. मला आठवतो. लोकलमध्ये लोक खेळाच्या पानाआधी भावाचं पान उघडत. आमच्या मजल्यावरचे शिंपीमामा सकाळी मशीनला हात लावण्याआधी चष्मा लावून भाव वाचायचे, आणि त्यांना इंग्रजी अक्षरओळखीपलीकडे येत नव्हतं. फेब्रुवारीअखेरच्या बजेटनंतर तर ज्याच्याकडे शेअर नाहीत तो मागे पडला असं वाटायचं. टिप देणारा सहकारी कसा होता, त्याचं पुढे काय झालं, फॉर्म कुठून आणला, दलालाकडे कोण गेलं, असं विचारा. माणसाला आपल्या चुकीबद्दल बोलणं जड जातं, त्या दिवसांबद्दल बोलणं तितकं नाही. आणि "नको तो विषय" म्हणाले तर तिथेच थांबा. गप्प राहण्याचाही त्यांना हक्क आहे, तो त्यांनी तेहेतीस वर्षं नेमाने बजावलाय.

बाबा तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. आज तुम्ही आहात तेवढेच. तेरा वर्षांच्या मुलीने जे बघितलं ते तुम्ही अजून त्याच उंचीवरून बघता आहात का? शेहेचाळीसच्या बाईने बघावं की एका लिपिकाने घरासाठी काढलेले पैसे दीड महिना बाजारात ठेवले. स्टेट बँकेसारख्या बँकेतले, रोखे ज्यांचं रोजचं काम, असे अधिकारीही त्याच महिन्यांत त्याच भोवऱ्यात सापडले होते. याचा अर्थ बाबांचं काहीच चुकलं नाही असा मी लावत नाही. घराचे पैसे, तेही फंडातले, ऐकीव सांगण्यावर, भाव दुप्पट होऊन गेल्यावर घालायचे नसतात. हे तेव्हाही माहीत असलेली माणसं होती. सगळं घोटाळ्याच्या माथी मारलंत तर बाबांनाच ते पटणार नाही, कारण स्वतःचं काय चुकलं हे त्यांना तुमच्यापेक्षा नीट ठाऊक असणार.

आणि भावाला एक निरोप द्या. फंड मोडून शेअर घेणारा माणूस घाबरट कसा? तो शब्द बाबांना बसत नाही. तुम्हालाही नाही. ज्या बाजारात घराचे पैसे बुडाले त्याच बाजारात तुम्ही एकोणीस वर्षं नोकरी करता आहात.

भाच्याकडे येते. इथे मात्र मी सिनेमावर वेळ घालवणार नाही. "हा बघितलास, आता तो गंभीरवाला बघ" असलं काही करू नका. त्यातूनही तो नायकच उचलेल. आकडेही पाठ म्हणून दाखवू नका, ते त्याच्या समोरच आहेत. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात निघाल्या, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. दहातले नऊ जण तोट्यात जातात, ही सूचना २०२३पासून ॲप उघडताच समोर येते. तो ती रोज वाचत नाही, रोज बाजूला सारतो. आपण सिगरेटच्या पाकिटावरचं चित्र बघतो तसं. प्रत्येकाला वाटतं, ते नऊ जण म्हणजे बाकीचे.

तुमच्याकडे मात्र दुसऱ्या कुठल्याही आत्याकडे नसलेली एक गोष्ट आहे. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकर सौद्यांचा जो कागद पाठवतो तो, वाचता येते तुम्हाला. एखाद्या शनिवारी त्याला म्हणा, तुझ्या तीन महिन्यांच्या नोटा आण, मी तुला त्या वाचायला शिकवते. ओरडायचं नाही, 'बघ, सांगितलं होतं ना' म्हणायचं नाही. ब्रोकरेज, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, एकेक रकाना त्यालाच बेरजेला द्या. मग ॲपवरचा नफ्यातोट्याचा रिपोर्ट खर्च धरून काढायला लावा. मुलांना जिंकलेले दिवस तारखेनिशी आठवतात आणि हरलेले 'एकदोनदा' म्हणून. कागदावर दोन्ही सारख्याच टाइपात छापलेले असतात. कदाचित तो फायद्यात निघेल. मग तुम्हीही तसं मोकळेपणाने म्हणा, आणि पुन्हा सहा महिन्यांनी बसू असं ठरवा.

एक गोष्ट अजिबात करू नका. त्याचं खातं तुमच्याच कंपनीत असेल तर त्याचं लेजर (खातेवही) गुपचूप उघडून बघू नका. नोकरीचा प्रश्न आहेच, पण त्याला कळलं तर आत्या म्हणून तुमचा शब्द तिथेच संपला.

भाऊ-वहिनींशी वेगळं बोला, भाचा घरात नसताना. भीती घालायला नको. तीन गोष्टी ठरवून घ्या. पैसे त्याच्या स्वतःच्या इंटर्नशिपचेच, उसने नाहीत, ॲपवरून झटपट मिळणारं कर्ज तर नाहीच. एक रक्कम आधी लिहून ठेवायची, ती गेली की त्या दिवशी खात्यातला फ्युचर्स-ऑप्शनचा सेगमेंट (विभाग) बंद करून घ्यायचा. ब्रोकरकडे तशी सोय असते, तुम्हाला माहीतच आहे. आणि परीक्षेच्या महिन्यांत ॲप फोनवर नाही. त्याला शेअरबाजारातूनच उठवायचा प्रयत्न करू नका. चार चांगल्या कंपन्या वाचून, घेऊन ठेवून देईल तर देऊ दे. दर आठवड्याच्या एक्स्पायरीवर, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या दिवसावर, लावलेला पैसा आणि घेऊन ठेवलेला शेअर यांतला फरक त्याला तुमच्याइतका नीट सांगू शकेल असा माणूस तुमच्या घरात दुसरा नाही.

आजोबांची गोष्ट भाच्याला कळायला हवी, असं तुम्ही लिहिता. हवी. पण ती आजोबांनी सांगितली तर. तुम्ही सांगितलीत तर ती त्याच्या लेखी धमकी होईल.

तुमच्या चार पानांत एक ओळ अशी आली की मी परत मागे जाऊन वाचली. "ते कागद अजून पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत, कुणी हात लावत नाही." अहो ताई! तुम्ही दिवसभर परक्यांची खाती सांभाळता आणि घरची शेअर सर्टिफिकेटं तेहेतीस वर्षं ट्रंकेत? तुम्हाला कळत नाही असं मी म्हणणार नाही, कळत असूनही हात लागत नाही अशी गोष्ट प्रत्येक घरात एक असते. पण असे कागद माळ्यावर किंवा ट्रंकेत असलेले वाचक पुष्कळ असणार, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंच त्यांच्यासाठी लिहिते.

१९९२मध्ये पडलेला प्रत्येक शेअर मेला असं नाही. काही कंपन्या बुडाल्या, त्यांचे कागद रद्दी झाले. काहींची नावं बदलली, काही दुसऱ्यांत विलीन झाल्या, काहींनी बोनस दिले, आणि कागद ज्याच्या नावावर आहे त्याला त्याचा पत्ता नाही. आधी सगळी सर्टिफिकेटं एका वहीत उतरवून काढा: कंपनी, फोलिओ (खाते) क्रमांक, किती शेअर, कुणाच्या नावे. मग कंपनीचं आजचं नाव आणि तिचा रजिस्ट्रार, म्हणजे तिच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था, शोधा. कागदी शेअरची नेहमीची खरेदी-विक्री एप्रिल २०१९पासून होत नाही, ते आधी डीमॅट, म्हणजे कागदावरून इलेक्ट्रॉनिक खात्यात, करावे लागतात, आणि त्याआधी रजिस्ट्रारकडे केवायसी. तो फॉर्म आयएसआर-१. जुनी सही आता जुळणार नाही, कुणाचीच जुळत नाही, त्यासाठी आयएसआर-२वर बँकेकडून सही प्रमाणित करून घ्यायची. सलग सात वर्षं लाभांश घेतलेला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये गेलेले असू शकतात. तेही परत मागता येतात, आयईपीएफ-५ हा फॉर्म भरून. वेळ लागतो, फेऱ्या होतात, नावातल्या एका अक्षरावरून कागद परत येतात. "आम्ही काढून देतो, टक्केवारी द्या" म्हणणारे भेटतील. त्यांच्या हाती मूळ सर्टिफिकेट देऊ नका, आणि कोऱ्या फॉर्मवर सही तर नकोच. घोटाळ्यातल्या लोकांच्या हातून गेलेले काही शेअर त्या काळी कोर्टकचेरीत वर्षानुवर्षं अडकले होते, तसा एखादा कागद निघाला तर घाबरू नका, रजिस्ट्रारला लेखी विचारा. आणि कडा फाटल्यात म्हणून कुणी प्रेमाने लॅमिनेशन करून आणेल, त्याला वेळीच अडवा.

त्यातून किती निघेल ते मी सांगू शकत नाही. काहीच निघणार नाही असंही होईल. म्हणून बाबांना "पैसे परत मिळतील" असं सांगून ट्रंक उघडायला लावू नका. सांगा की माझ्या कामाचंच आहे, मला बघायचंय. ते खरंही आहे.

ट्रंक उघडली की भावापेक्षा आणि भाच्यापेक्षा आधी तुम्ही एक गोष्ट बघा. सर्टिफिकेटवर बाबांच्या नावाखाली दुसरं नाव आहे का? त्या काळी बरेच लोक जोडनावाने घेत. बाजारातून घेतलेला शेअर दोघांच्या नावे करायचा तर ट्रान्सफर फॉर्मवर घेणाऱ्या दोघांच्याही सह्या लागायच्या. बाबांनी आईला न विचारता केलं, हे तुम्ही तेरा वर्षांच्या असताना ऐकलंत आणि ते तसंच धरून बसलात. आईचं नाव तिथे नसेल तर तुमचं म्हणणं निदान खोटं ठरणार नाही. असेल, तर तिने त्या फॉर्मवर सही केली होती. काय समजून केली, कुणाच्या सांगण्यावरून केली, तिलाही बदलापूरचं घर थोडं मोठं हवं होतं का, हे सांगू शकणारा माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहतो. रविवारी सकाळी जा. भाचा तेव्हा झोपलेला असतो असं तुम्हीच लिहिलंय.